दोन वर्षांच्या मुलासाठी एम्प्रेस गार्डन: फाल्गुनातील एका सकाळचा अभिप्राय

पुण्यात लहान मुलांना घेऊन जाण्याजोग्या बागा पुष्कळ आहेत. परंतु ज्याला नुकतेच पळता येऊ लागले आहे आणि ज्याला पडण्याची भीती अजून ठाऊक नाही, अशा मुलासाठी यांतील कोणती बाग खरोखर योग्य आहे, हा प्रश्न वेगळा आहे. आमची मुलगी येत्या चैत्रात दोन वर्षांची होईल. तिच्या वयाच्या मुलांसाठी माझी पहिली शिफारस रेसकोर्सजवळच्या एम्प्रेस गार्डनची आहे, आणि तिचे कारण तेथील खेळण्यांपेक्षा तेथील झाडे आणि जमीन हे अधिक आहे.

अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या १८३० साली स्थापन झालेल्या संस्थेकडे या बागेची व्यवस्था आहे. बागेचा विस्तार सुमारे ३९ एकर असून तिचे मूळ स्वरूप वनस्पती उद्यानाचे आहे, त्यामुळे येथील वृक्ष शोभेपुरते लावलेले नाहीत. ते जुने, उंच आणि भरगच्च सावली देणारे आहेत. माघ सरून फाल्गुन लागला की पुण्यातील पहाटेचा गारवा टिकून असतो, पण अकराच्या सुमारास उन्हाला चटका येऊ लागतो. उघड्यावर बसवलेली पत्र्याची घसरगुंडी अशा वेळी लहान मुलाच्या मांड्या पोळण्याइतकी तापते. म्हणून बाग कोणतीही असो, मुलाला बसवण्यापूर्वी आपला तळहात उलटा करून घसरगुंडीवर क्षणभर टेकवून पाहावा. दाट सावलीच्या बागेत ही काळजी बरीच कमी होते आणि मुलाला निवांत खेळू देता येते.

खेळण्यांविषयी थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते, कारण आपल्याकडील बहुतेक बागांतील झोके आणि घसरगुंड्या पाच-सहा वर्षांपुढील मुलांचा विचार करून बसवलेल्या असतात. सपाट फळीच्या झोक्यावर दोन वर्षांच्या मुलाचा तोल राहत नाही. त्याला पाय घालून बसता येईल असे, चारही बाजूंनी बंद असलेले आसन लागते. तसे आसन नसेल तर झोका टाळणेच शहाणपणाचे. घसरगुंडीच्या बाबतीत अनेक पालक प्रेमापोटी एक धोका पत्करतात, तो म्हणजे मुलाला मांडीवर घेऊन स्वतः घसरणे. मुलाच्या बुटाचा तळ कडेला घासून अडकतो, मोठ्या माणसाचे वजन मात्र खाली जातच राहते, आणि या ओढाताणीत मुलाच्या नडगीचे हाड मोडू शकते. मूल एकटे घसरत असेल तर पाय अडकल्यावर ते तिथेच थांबते. म्हणून घसरगुंडी लहान उंचीची निवडावी, मुलाला एकट्याने घसरू द्यावे आणि आपण शेजारी हात पुढे करून उभे राहावे. खाली सिमेंटचे ठोकळे असतील तर त्या खेळण्याकडे वळूच नये. माती किंवा वाळू असली म्हणजे पडणे सुसह्य होते.

खरे सांगायचे तर आमच्या मुलीने झोक्यांकडे फारसे पाहिलेच नाही. झाडाखाली वाळक्या पानांचा थर होता. त्यावर पाऊल टाकले की कुरकुर आवाज येतो, हे तिच्या लक्षात आले आणि ती पाय उचलून पुन्हा पुन्हा तेथेच आपटत राहिली. मध्येच थांबून आवाज खरोखर आपल्याच पायांतून येतो का, हे वाकून पाहत होती. नंतर तिने एक मोठे पान देठाला धरून बराच वेळ मातीतून ओढत नेले. इतक्या लहान वयात खेळ म्हणजे वस्तू हाताळून पाहणे होय, आणि पानगळीचा शेवट व नव्या पालवीची सुरुवात एकाच वेळी दिसणाऱ्या या दिवसांत त्यासाठी लागणारे साहित्य जमिनीवरच पसरलेले असते. येथील गारंबीचा अवाढव्य वेलही मुलांना जरूर दाखवावा. त्याची पिळदार खोडे मोठ्या माणसांनाही थक्क करतात.

बाग विस्तीर्ण असल्याने लहान पावलांना सगळीकडे फिरवण्याचा आग्रह धरू नये. झाडांची एखादी सावली पकडून तेथेच चटई अंथरणे उत्तम. मातीच्या वाटांवर छोट्या चाकांची बाबागाडी जड जाते, त्यामुळे मुलाला कडेवर किंवा झोळीत घेणे सोयीचे पडते. बागेतून ओढाही वाहतो. त्याच्या आसपास मुलाचा हात सोडू नये. थंडीच्या दिवसांत शाळांच्या सहली आणि रविवारी कुटुंबे मोठ्या संख्येने येतात, तेव्हा धावणाऱ्या मोठ्या मुलांमध्ये दोन वर्षांचे मूल बावरते. शक्य असल्यास आठवड्यातील कामाचा दिवस निवडावा आणि बाग उघडताच आत जावे. प्रवेशाला तिकीट आहे. वेळा व दर निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत. मुलाला पूर्ण लांबीची सुती विजार घालावी, कारण पानांखाली मुंग्या असतात; सोबत पिण्याचे पाणी, हात पुसायला ओला पंचा आणि कपड्यांचा एक जास्तीचा जोड घ्यावा.