हात दाखवून अवलक्षण? ३६० डिग्री फीडबॅक सर्व्हिस घेतली, तिचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, कंपनीचं नाव घेणार नाहीये. जे बरंवाईट लिहिणारे ते असल्या बऱ्याच सर्व्हिसना थोड्याफार फरकाने लागू होईल आणि मला कुणाशी भांडण उकरून काढायचं नाहीये. धंदा माझाच, नऊ जणांची टीम, आणि बरेच दिवस डोक्यात होतं की बॉस म्हणून आपण नक्की कसे आहोत हे आपल्याला सांगणार कोण? तोंडावर तर सगळे म्हणतात सर तुम्ही भारी, आणि खोटं कशाला बोला, ऐकायला बरंही वाटतं.

म्हणून ही सर्व्हिस घेतली. ३६० डिग्री फीडबॅक म्हणजे आजूबाजूच्या सगळ्यांकडून आपल्याबद्दलची मतं गोळा करणं. तर पद्धत अशी आहे की टीमला, एकदोन सप्लायरना आणि स्वतःला एक लिंक जाते, चाळीसेक वाक्यांना १ ते ५ मार्क द्यायचे, शेवटी दोन मोकळे प्रश्न (यांनी काय चालू ठेवावं, काय थांबवावं), मग रिपोर्ट येतो आणि कोचबरोबर एक तासाचा कॉल. सेटअप एकदम सोपा, अर्ध्या तासात झालं. पण रिमाइंडर मेल रोज सकाळी! टीम वैतागली, एकाने तर कंटाळून सगळीकडे ३ दाबून मोकळं केलं असा माझा दाट संशय आहे.

रिपोर्ट दिसायला चकाचक, कोळ्याच्या जाळ्यासारखे चार्ट, रंगीत गोल, आणि त्यात माझं 'लिसनिंग ३.४'. आता ३.४ चं मी काय करू? लोणचं घालू? आणि या आकड्यांवर फार विसंबू नये याला कारणही आहे, २००० साली स्कलेन, माउंट आणि गॉफ या संशोधकांनी हजारो मॅनेजरांच्या रेटिंगचा हिशोब मांडला तेव्हा निघालं असं की रेटिंगमधला निम्म्याहून जास्त फरक रेटिंग देणाऱ्याच्या स्वतःच्या सवयीतून येतो, म्हणजे कोण सढळ हाताचा कोण चिकट, ज्याला मार्क मिळतायत त्याचा संबंध त्यामानाने कमी. नावडतीचं मीठ अळणी हे आपल्याला आधीपासून माहितीच होतं म्हणा. आकड्यांच्या पानांना माझ्याकडून एक स्टार, तोही रंगांसाठी.

त्यातल्या त्यात 'जोहारी विंडो' नावाचा चौकोन कामाचा निघाला. नाव वाचून मला वाटलं जोहरी म्हणजे हिऱ्याची पारख वगैरे काहीतरी असेल, तर कसलं काय, १९५५ मध्ये जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहम या दोन मानसशास्त्रज्ञांनी ते काढलं आणि जो अधिक हॅरी मिळून जोहारी. चार खाने, त्यातला एक म्हणजे लोकांना दिसतं पण आपल्याला दिसत नाही तो. माझ्या त्या खान्यात लिसनिंग होतं, स्वतःला मी ४.५ दिले होते (हसू नका).

खरा माल मात्र शेवटच्या दोन पानांवर, जिथे लोकांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं असतं. नऊपैकी तिघांनी जवळपास एकच गोष्ट लिहिली होती. त्यातलं एक असं, की सर 'बघू' म्हणाले की आम्ही तो विषय सोडून देतो.

मी ते वाक्य दहा वेळा वाचलं असेल. माझ्या मते मी 'बघू' म्हणतो ते समोरच्याचं मन मोडू नये म्हणून, सरळ नाही म्हणणं मला जड जातं, आणि बऱ्याचदा मी खरंच बघणार असतो आणि मग विसरतो. पण ऐकणाऱ्याला त्यातला चांगुलपणा दिसत नाही, त्याला दार बंद झाल्याचा आवाज येतो. मग आठवलं, पॅकिंग बघणाऱ्या मुलीने सांगितलं होतं की माल निघायच्या आधी पत्ता दुसऱ्या कुणीतरी तपासत जा, मी म्हणालो बघू, आणि तीन महिन्यांनी दोन पार्सलांची अदलाबदल होऊन एक जुनं गिऱ्हाईक कायमचं गेलं. तेव्हा मी चिडलो कुणावर, तर पॅकिंगवर. तिने एकदाही म्हटलं नाही की मी सांगितलं होतं.

आता तक्रार. गुप्ततेची जाहिरात मोठी आहे, किमान ३ उत्तरं आल्याशिवाय त्या गटाचं काही दाखवत नाहीत, ठीक. पण नऊ माणसांत कोण कसं लिहितं हे रोजच्या मेसेजांवरून कळतंच ना. पहिले दोन दिवस मी हे कुणी लिहिलं असेल याचाच तपास करत बसलो आणि केबिनबाहेर सगळे जरा जास्तच गंभीर चेहऱ्याने कामं करत होते. क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे ढीगभर अभ्यास एकत्र करून तपासले तर एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम उलट बिघडलं होतं, आणि त्यांच्या मते लक्ष कामावरून उडून माणसाच्या 'मी'वर गेलं की असं होतं. माझे ते दोन दिवस म्हणजे त्याचा जिवंत नमुना. याची सूचना सर्व्हिसवाल्यांनी रिपोर्टच्या आधी द्यायला हवी होती, दिली नाही.

कोच मात्र चांगली भेटली, उपदेश कमी. मी म्हणालो माझ्याकडे कुणीही येऊन बोलू शकतं, तर तिने स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमान अपघाताची गोष्ट सांगितली. २७ मार्च १९७७, धुकं, धावपट्टीवर दोन ७४७ विमानं. त्यातल्या केएलएम या डच विमान कंपनीच्या विमानाचा कॅप्टन म्हणजे कंपनीत बाकीच्या पायलटांना शिकवणारा मोठा माणूस. विमान पळायला लागल्यावर फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली की समोरचं ते दुसरं, पॅन अॅमचं विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालं नाहीये का, कॅप्टन ठामपणे म्हणाला झालंय, आणि इंजिनिअर गप्प बसला. काही सेकंदांत टक्कर, ५८३ माणसं गेली. त्यानंतर विमान कंपन्यांनी कॅप्टनला ऐकायला आणि हाताखालच्यांना स्पष्ट बोलायला शिकवणारं ट्रेनिंगच सुरू केलं. कोचचं म्हणणं एवढंच, की त्या इंजिनिअरने विचारलं होतं. तुमच्याकडेही लोक विचारतायत, उत्तर ऐकून गप्प होतायत.

मग मी 'बघू' बंद केलं. आता हो, नाही, किंवा 'गुरुवारी सांगतो', आणि ते सगळ्यांसमोर बोर्डवर लिहायचं. पहिले दोन आठवडे 'नाही' म्हणताना घसा सुकायचा. घरी मुलाला कौतुकाने हे सगळं सांगितलं तर तो म्हणतो, 'बाबा, तुझं बघू म्हणजे नाही असतं हे मला दुसरीत कळलं होतं.' म्हणजे फुकटात मिळालं असतं.

एकूण साडेतीन स्टार. टीम पाचपेक्षा लहान असेल तर घेऊ नका, लोक अडचणीत येतील. वर्षाचं पॅकेज गळ्यात मारायला बघतात, एकदाचंच घ्या. आकडे चाळा, कॉमेंट वाचा आणि दोन दिवस कुणाशी त्यावर बोलू नका. रिमाइंडर सेटिंगमध्ये जाऊन आठवड्यातून एकदा करता येतो, मला ते नंतर सापडलं. आणि हो, मागच्या आठवड्यात टीममधला सगळ्यात नवीन पोरगा केबिनमध्ये डोकावून म्हणाला, 'सर, गुरुवार होऊन गेला.'