पाठीचा फोटो मागा: जहाजाच्या ‘जुन्या’ फिगरहेडच्या नावाखाली माझे 1850 पौंड गेले

मी इंग्लंडमध्ये राहते, आणि हे मुद्दाम मराठीत लिहितेय कारण मला ज्या गोष्टीवरून फसवलं ती आपल्या मुंबईच्या गोदीशी जोडलेली आहे, उद्या आपल्यातल्याच दुसऱ्या कुणाचे पैसे जायला नकोत.

दोन वर्षांपूर्वी आम्ही हार्टलपूलला ट्रिंकोमली जहाज बघायला गेलो होतो. 1817 साली मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेलं जहाज अजून पाण्यावर आहे! नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, पगडीवाल्या माणसाची कोरीव मूर्ती, तिलाच फिगरहेड म्हणतात. बाबांनी आयुष्यभर गोदीत सुतारकाम केलं, त्यांना फोटो पाठवले तर दोन दिवस त्यावरच बोलत होते. तेव्हापासून डोक्यात होतं की असं काहीतरी त्यांच्यासाठी घ्यायचं.

मग ऑनलाइन एक जाहिरात दिसली, पगडीवाली मूर्ती, ‘बॉम्बेत बांधलेल्या जहाजावरची, साधारण 1820’. जहाजाचं नाव विचारलं तर म्हणाला कागद गहाळ झालेत. बोलायला फार गोड होता, मी मुंबईची आहे कळल्यावर तर म्हणाला ही तुमच्याकडेच जायला हवी. बँक ट्रान्सफर केलंत तर थोडे कमी करतो म्हणाला आणि मी केलं. इथेच चुकलं, क्रेडिट कार्डाने दिले असते तर 100 पौंडांवरच्या खरेदीला इथे कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता येतं.

मूर्ती आली, व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवली. त्यांनी चेहरा बघितलाच नाही. म्हणाले, “फिरव बघू, पाठ दाखव.” पाठ सपाट. करवतीने कापल्यासारखी. बाबा म्हणाले, “अगं, ही नाळेवर बसणार कशी?”

तेवढ्या एका प्रश्नात सगळं कळलं. नंतर मी वाचत गेले. लाकडी शिडाच्या जहाजांवर फिगरहेड नुसतं पुढे चिकटवलेलं नसायचं. नाळेच्या पुढे जाडजूड लाकडांचा जोडून केलेला भाग असतो, त्याच्यावर, पुढे तिरक्या निघालेल्या डोलकाठीखाली ते बसायचं. पाठीला उभी खोल खाच असायची, त्या लाकडावर ती खोगीर घातल्यासारखी बसवायची, पाय किंवा कपड्यांच्या चुण्या दोन्ही बाजूंनी खाली उतरायच्या, आणि मग आरपार लांब बोल्ट मारायचे. बोल्टाची डोकी आत बुडवून वर लाकडी बूच, त्यावर रंग. लाटांचा सगळ्यात जास्त मार तिथेच बसतो, साध्या स्क्रूवर एक मान्सूनसुद्धा निघाला नसता. मोठी मूर्ती एका ओंडक्याची नसायची, तुकडे जोडून करायचे, हात बऱ्याचदा वेगळे. लाकूड आधी ओक, एल्म, पुढे वजन कमी व्हावं म्हणून पाइन. आणि नाळेला उतार असल्यामुळे मूर्तीही त्या उताराला धरून कोरलेली असायची.

माझी मूर्ती जमिनीवर ताठ उभी राहते, तळ सपाट! खाच नाही, बोल्टाचं भोक नाही, लोखंडाचा काळा डाग नाही. मागे चार बारीक स्क्रूची भोकं, भिंतीवर टांगायच्या पट्टीसाठी. किडे लागल्याची भोकं सगळी एका मापाची आणि सरळ आत गेलेली. पाठ जरा खरवडली तर आत पांढरं ताजं लाकूड. प्लिमथच्या बॉक्स म्युझियममध्ये 2020 पासून 14 फिगरहेड्स ठेवलीत, दुरुस्तीच्या वेळी त्यातली काही आतून पार कुजलेली निघाली, रंगाच्या थरांखाली पाणी मुरून. दोनशे वर्षं खारं पाणी झेललेलं लाकूड आतून असं कोरं कसं असेल?

विक्रेत्याने दोन मेलना उत्तर दिलं, मग बंद. बँकेने हात वर केले. तक्रार नोंदवली आहे.

वाईट पैशांचं वाटतंच, पण बाबा त्या दिवशी हळूच म्हणाले “राहू दे, कोरीव काम बरं आहे”, ते जास्त लागलं.

तर कुणी घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी पाठीचा, तळाचा आणि खाचेच्या आतला फोटो मागा, वजन विचारा, जहाजाचं नाव विचारा. गेल्या आठवड्यात तसाच चेहरा, फक्त पगडीचा रंग हिरवा, पुन्हा विकायला लागलाय. सहा फोटो आहेत, सगळे समोरून.