लोड-बेअरिंग की आरसीसी फ्रेम?
एक मैत्रीण लहान घर बांधायला निघाली आहे. भिंतींवरच स्लॅब टेकवू (लोड-बेअरिंग) की कॉलम-बीम, म्हणजे उभे खांब आणि आडव्या तुळया घालू (आरसीसी फ्रेम; आरसीसी म्हणजे लोखंडी सळया घातलेलं काँक्रीट), हा तिचा पेच.

आधी भार कसा उतरतो ते पाहू. लोड-बेअरिंगमध्ये स्लॅबचं वजन थेट भिंतीवर आणि सलग पायात जातं. फ्रेममध्ये ते स्लॅबकडून बीम, कॉलम, फुटिंग (कॉलमखालचा पाया) असं उतरतं. भिंत फक्त आडोसा, म्हणून ४ किंवा ६ इंची चालते. भार पेलणारी भिंत मात्र निदान ९ इंची हवी.

पुढे खोल्या बदलायच्या असतील तर फरक मोठा: फ्रेममधली भिंत भार पेलत नाही, म्हणून ती हलवता येते. भार पेलणारी भिंत कधीही आंधळेपणाने पाडू नका!

भूकंपात नुसत्या विटांची भिंत खेचणारा ताण सोसत नाही. जोते, लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी पट्टी) आणि छताच्या पातळीवर आरसीसी पट्टे हवेतच. फ्रेमही आपोआप सुरक्षित नसते: रिंगांचे (कॉलम-बीममधल्या उभ्या-आडव्या सळयांना वेढणाऱ्या सळयांचे) हूक १३५ अंशांत वळवलेले हवेत, क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) नीट हवं.

खर्चात लहान घराला लोड-बेअरिंग सहसा स्वस्त.

जमीन पक्की, एक-दोन मजले, आराखडा कायमचा असेल तर लोड-बेअरिंग घ्या. मजले वाढवायचे असतील, मोठा हॉल हवा असेल किंवा माती भुसभुशीत असेल, तर फ्रेमच.