बडोद्याच्या जुन्या मराठीसाठी टोकनायझर कुठला: स्पेसी की स्टॅन्झा?

सयाजीरावांच्या काळातली मराठी पुस्तकं शब्द टाकून शोधता यावीत म्हणून बडोद्यात कुणी काम काढलं, तर ओसीआर (पानाच्या चित्रातून मजकूर ओळखणं) झाल्यावर पहिली अडचण टोकनायझरची, म्हणजे मजकूर सुट्या शब्दांत तोडणाऱ्या साधनाची येते. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या 'आरई' या मजकुरातले नमुने शोधणाऱ्या साध्या साधनावर स्वतःच लिहू म्हणाल, तर नको. त्याच्या शब्द ओळखायच्या खुणेत काना-मात्रा बसत नाहीत. 'मराठी'तून 'मर' आणि 'ठ' एवढंच हाती लागतं. मग मुक्तस्रोतात (कुणालाही वापरता-बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) भाषा हाताळणारी दोन साधनं उरतात: स्पेसी किंवा स्टॅन्झा.

स्पेसी नियमांवर चालतं. आधी मोकळ्या जागेवर तोडतं, मग प्रत्येक तुकड्याची विरामचिन्हं सोलतं. 'रा. रा. संपादक यांस' दिलं की 'रा'पासून टिंब सुटं होतं, आणि पुढे टिंबावर वाक्य संपवलंत तर पत्राच्या मायन्याचेच तीन तुकडे. 'कै.', 'ता.', 'इ. स.' यांचंही तेच. पण उपाय सोपा आहे: हे संक्षेप अपवाद म्हणून नोंदवले की झालं. शिवाय मूळ मजकुरातलं काही हरवत नाही, म्हणून सापडलेला शब्द पानावर नेमका दाखवता येतो. मराठीचं तयार प्रशिक्षित मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून भाषा शिकलेली प्रणाली, मात्र स्पेसी देत नाही.

स्टॅन्झा देतं, आणि 'घरासमोरच्या'सारखा शब्द फोडायचाही प्रयत्न करतं. 'घर' शोधणाऱ्याला 'घरासमोरच्या' सापडायलाच हवं, त्यामुळे मला याचा मोह होतो. पण त्याची शिकवणी झाली ती ४६६ वाक्यांच्या ट्रीबँकवर (व्याकरणाच्या खुणा केलेल्या वाक्यांच्या संग्रहावर), त्यातही बहुतेक गोष्टी. एवढ्या शिदोरीवर १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचं 'कांहीं', 'नाहीं', 'मध्यें' त्याने बिनचूक हाताळावं ही अपेक्षा फार झाली. चुकलं तर नियम बदलून भागत नाही. नवी वाक्यं खुणा करून त्याला पुन्हा शिकवावं लागतं.

काहीही घ्या, आधी 'दुसऱ्या'कडे बघा. हा शब्द साध्या 'र'ला हलन्त आणि अदृश्य जोडक लावून टाइप होतो, तसाच नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) 'ऱ'नेही. डोळ्यांना एकच, संगणकाला दोन. सगळा मजकूर एका तऱ्हेवर आणा, नाहीतर शोधात असे शब्द निसटतील.

माझं मत स्पेसीला. विभक्ती-शब्दयोगी कापायची पायरी फक्त शोधाच्या शब्दसूचीसाठी वेगळी लिहा. मजकूर आजचा आणि वाक्यरचनेचं विश्लेषण हवं असेल, तरच स्टॅन्झा. आणि संक्षेपांची यादी स्वतःजवळ न ठेवता मूळ प्रकल्पाला पाठवा. जुन्या मराठी पत्रांतले 'रा. रा.' तिथे भरायला ती पत्रं वाचणारीच मंडळी लागतील.