विंडोज ७ चा बूटेबल पेनड्राइव्ह: कित्येक महिने वापरून झाल्यावरचा अनुभव

माझं डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पानं जुळवायचं काम आहे. स्वतःची मशीन्स मीच सांभाळते, शिवाय ओळखीच्या दोन-तीन छापखान्यांतली जुनी कॉम्प्युटरंही माझ्याकडेच येतात, त्यामुळे विंडोज ७ चा बूटेबल, म्हणजे ज्यावरून मशीन सुरू करून विंडोज टाकता येते असा इन्स्टॉलर पेनड्राइव्ह ही माझी रोजच्या वापरातली वस्तू आहे. असे पेनड्राइव्ह बनवायची रुफस आणि व्हेंटॉय अशी दोन सॉफ्टवेअर आहेत; गेले बरेच महिने रुफसने बनवलेला एक आणि व्हेंटॉयचा एक असे दोन्ही वापरतेय, तर म्हटलं आता नीट सविस्तर लिहावं, कारण व्हिडिओत दाखवतात तेवढं पाच मिनिटांचं हे काम नाही आणि लोक अर्ध्यावर अडकतात.

आता २०२० च्या १४ जानेवारीला सपोर्ट संपलेली सिस्टीम अजून कशाला, असं कोणीही विचारेल. आमच्या धंद्यात उत्तर सोपं आहे. पेजमेकर ७ हे पानं जुळवायचं २००१ सालचं सॉफ्टवेअर, त्यात केलेल्या लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, संस्थांचे अहवाल हे सगळं जुन्या नॉन-युनिकोड मराठी फॉन्टमध्ये आहे, फॉन्टच्या सॉफ्टवेअरला डोंगल (लायसन्ससाठी पोर्टला लावायचं छोटं उपकरण) लागतं, डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटचा, जुन्या मोठ्या प्रिंटरचा ड्रायव्हरही ३२ बिटचा. ६४ बिट विंडोजमध्ये ३२ बिटचा ड्रायव्हर चालतच नाही, मग सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो. म्हणून अशा मशीनला मी सरळ ३२ बिट विंडोज ७ टाकते. त्यात ४ जीबीच्या वरची रॅम वापरली जात नाही हे खरं, पण ज्या मशीनबद्दल बोलतोय त्यात मुळात २ किंवा ४ जीबीच असते.

सगळ्यात आधी आयएसओ, म्हणजे विंडोजच्या इन्स्टॉल डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल. इथे मी फार कडक आहे. टेलिग्रामवर वगैरे फिरणाऱ्या "सगळे ड्रायव्हर आणि ॲक्टिव्हेशनसकट" वाल्या आयएसओ मी हातसुद्धा लावत नाही, छापखान्याच्या मशीनवर गिऱ्हाइकांचा डेटा असतो, कोणी काय घुसवून ठेवलंय काय माहीत. मूळ सर्व्हिस पॅक १ वाली आयएसओ घ्या (३२ बिटची साधारण अडीच जीबी, ६४ ची तीनच्या थोडी वर) आणि विंडोजमधल्याच सर्टयुटिल कमांडने तिचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा कोड) काढून मूळ हॅशशी ताडून बघा. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी ती फाइल डिलीट करा. विंडोजची प्रॉडक्ट की कॅबिनेटवरच्या स्टिकरवर असते, ती फॉरमॅटच्या आधी वहीत उतरवून घ्या कारण जुने स्टिकर पुसट झालेले असतात, आणि स्टिकरवर प्रोफेशनल लिहिलं असेल तर प्रोफेशनलच टाकायचं, अल्टिमेटला ती की चालणार नाही.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो, मी १६ चा वापरते कारण उरलेल्या जागेत ड्रायव्हर ठेवते. साधा पण खरा घ्या. रस्त्यावर मिळणारे "५१२ जीबी" वाले स्वस्तातले पेनड्राइव्ह आत प्रत्यक्षात फार कमी जागेचे असतात, कॉपी पूर्ण झाली असं दाखवतात आणि इन्स्टॉल होताना मधेच फाइल सापडत नाही म्हणून एरर येते. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटंसं प्रोग्रॅम आहे, नवीन पेनड्राइव्ह आणला की मी पहिलं ते चालवते, पूर्ण जागा लिहून परत वाचून बघतं.

रुफसबद्दल माझं मत स्पष्ट आहे, विंडोज ७ साठी याच्यापेक्षा भरवशाचं काही मला मिळालं नाही. पीट बटार्ड यांनी बनवलेलं, फुकट आणि ओपन सोर्स, दीड एमबीच्या आसपासची एकच फाइल, इन्स्टॉल करावी लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, ४.० पासूनचं रुफस विंडोज ७ वर उघडतच नाही, त्याला किमान विंडोज ८ लागतं. म्हणजे पेनड्राइव्ह बनवायला तुमच्याकडे विंडोज ७ चंच मशीन असेल तर ३.२२ व्हर्जन शोधा, ते ७ वर चालणारं शेवटचं. माझ्या पेनड्राइव्हमध्ये ३.२२ ची फाइल कायम असते.

सेटिंग म्हणाल तर जुन्या मशीनला पार्टिशन स्कीम एमबीआर (डिस्कची विभागणी नोंदवायची जुनी पद्धत), टार्गेट बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं बोर्डातलं प्रोग्रॅम), फाइल सिस्टीम एनटीएफएस, बाकी सगळं जसं आहे तसं. फारच जुना बोर्ड असेल तर ॲडव्हान्स्डमध्ये जुन्या बायोससाठीच्या दुरुस्त्यांचं एक टिक आहे ते करा. स्टार्ट दाबायच्या आधी वरचं ड्राइव्हचं नाव परत एकदा वाचा, बाहेरची बॅकअपची हार्ड डिस्क लावलेली असेल तर ती आधी काढूनच ठेवा.

आता बायोस. इथे खूप लोकांचा वेळ जातो. बूट मेनूची की कंपनीगणिक वेगळी आहे, डेल आणि लेनोव्होला एफ १२, एचपीला एफ ९, गिगाबाइटला एफ १२, एमएसआयला एफ ११, आसुसच्या बोर्डला एफ ८. पण २००८-१० च्या सुमाराच्या बोर्डांमध्ये पेनड्राइव्ह बूटच्या यादीत दिसतच नाही आणि लोक म्हणतात पेनड्राइव्ह नीट बनला नाही. तो असतो, पण "हार्ड डिस्क ड्राइव्हज" नावाच्या आतल्या मेनूत असतो, कारण ते बायोस पेनड्राइव्हला हार्ड डिस्कच समजतात. त्या मेनूत जाऊन त्याला पहिल्या नंबरवर आणायचं, मग बाहेरच्या यादीत आपोआप वर येतो. आणि फाइल्स कॉपी झाल्यावर पहिलं रीस्टार्ट झालं की परत पेनड्राइव्हवरून बूट होऊ द्यायचं नाही, नाहीतर सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

"निवडलेली डिस्क जीपीटी आहे" असा मेसेज आला (जीपीटी म्हणजे विभागणीची नवी पद्धत) तर घाबरू नका, शिफ्ट आणि एफ १० दाबून काळी खिडकी उघडते, त्यात डिस्कपार्ट कमांडने क्लीन करून एमबीआर करता येते. पण क्लीन म्हणजे सगळं साफ, सगळी पार्टिशनं जातात, डी ड्राइव्हसुद्धा.

आता खरा त्रासाचा भाग, यूएसबी ३, म्हणजे जास्त वेगाचं नवं यूएसबी. विंडोज ७ आली २००९ च्या ऑक्टोबरमध्ये, तेव्हा यूएसबी ३ बाजारात जवळजवळ नव्हतंच, त्यामुळे तिच्या इन्स्टॉलरमध्ये त्याचा ड्रायव्हरच नाही. म्हणजे होतं काय, पेनड्राइव्हवरून बूट व्यवस्थित होतं कारण ते काम बायोस करत असतो, सेटअपची निळी स्क्रीन येते, भाषा निवडायची खिडकी येते, आणि तिथे माउसचा बाण मध्यभागी थिजून बसतो. कीबोर्डवर नम लॉक दाबलं तरी दिवा लागत नाही. किंवा माउस चालतो पण "इन्स्टॉल नाऊ" दाबल्यावर मेसेज येतो की सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही. या मेसेजने लोकांचा पार गोंधळ होतो, मशीनला डीव्हीडी ड्राइव्हच नाही तर कसला ड्रायव्हर मागतोय! तो खरं म्हणजे पेनड्राइव्हच शोधत असतो, बायोसने हात काढून घेतल्यावर विंडोजला तो दिसत नाही.

२०१२-१४ च्या सुमाराच्या बोर्डवर उपाय सोपा, निळ्या (यूएसबी ३ च्या) पोर्टमधून काढून काळ्या (यूएसबी २ च्या) पोर्टमध्ये लावा, शक्यतो मागच्या बाजूच्या, आणि बायोसमध्ये एक्सएचसीआय (यूएसबी ३ चा कंट्रोलर) मोड बंद करा. झालं. पण इंटेलच्या सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ च्या स्कायलेकपासून, चिपसेटमधला जुना यूएसबी २ चा कंट्रोलरच काढून टाकलाय, त्यामुळे काळा पोर्टसुद्धा आतून यूएसबी ३ च्याच कंट्रोलरला जोडलेला असतो. तिथे पोर्ट बदलत बसण्यात अर्थ नाही, ड्रायव्हर आयएसओमध्येच घालावा लागतो.

ते काम मी विंडोज १० च्या मशीनवर डिझम कमांडने (विंडोजच्या इन्स्टॉल फाइल्समध्ये बदल करणारी कमांड) करते. सोर्सेस फोल्डरमध्ये बूट डॉट विम आणि इन्स्टॉल डॉट विम अशा दोन फाइल असतात. बूट डॉट विमचा इंडेक्स २ म्हणजे सेटअप, तो रिकाम्या फोल्डरमध्ये माउंट करायचा (म्हणजे आतल्या फाइल्स तिथे उघडायच्या), ३२ किंवा ६४ जे असेल त्याचा यूएसबी ३ चा ड्रायव्हर ॲड करायचा आणि कमिट (सेव्ह) करून अनमाउंट करायचा. मग हेच इन्स्टॉल डॉट विममध्ये, आपल्या एडिशनच्या इंडेक्सला. ही दुसरी पायरी बरेच जण सोडतात आणि मग इन्स्टॉल पूर्ण होतं, युजरनेम विचारणारी स्क्रीन येते आणि तिथे कीबोर्ड-माउस मेलेले. डिझमचं नको वाटलं तर गिगाबाइट, एमएसआय, ॲसरॉक यांनी त्या काळात याच कामासाठी आपापली छोटी टूल्स दिली होती, तीही काम करतात. पीएस टू चा गोल पोर्ट असलेल्या बोर्डला जुना कीबोर्ड लावून निम्मा प्रश्न सुटतो, पण पेनड्राइव्ह न दिसण्याचा सुटत नाही. सातव्या पिढीच्या पुढच्या मशीनवर मात्र विंडोज ७ टाकायच्या भानगडीत पडू नका असंच मी सांगते, ग्राफिक्सच्या ड्रायव्हरपासून सगळीकडे ओढाताण होते.

इन्स्टॉल झाल्यावर काम संपलं असं नाही. नव्या विंडोज ७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ८ असतो, त्यात आजच्या बहुतेक साइट उघडतच नाहीत, आणि लॅनचा ड्रायव्हर नसेल तर तेवढंही नाही. म्हणून पेनड्राइव्हवर एक वेगळा फोल्डर हवाच: लॅन आणि चिपसेटचे ड्रायव्हर, फायरफॉक्स ११५ ईएसआरचा ऑफलाइन इन्स्टॉलर (विंडोज ७ साठी क्रोम १०९ वरच थांबलंय), आणि अपडेटच्या काही फाइल्स. त्या अपडेटचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी केबी ३०२०३६९, मग २०१६ चा मोठा रोलअप केबी ३१२५५७४, मग केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९. शेवटचे दोन शा-२ सहीसाठी (अपडेट खरंच मायक्रोसॉफ्टचं आहे का हे तपासायची नवी पद्धत) लागतात, त्याशिवाय २०१९ नंतरचं काही बसत नाही. हे हाताने न टाकता नुसतं अपडेट शोधायला लावलं तर प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण भरलेला राहतो आणि हाती काही लागत नाही.

व्हेंटॉयबद्दल थोडक्यात. कल्पना फार सुंदर आहे, पेनड्राइव्ह एकदाच तयार करायचा आणि मग आयएसओ नुसती कॉपी-पेस्ट करत राहायची, बूट केल्यावर यादी येते, त्यातून निवडायची. माझ्याकडे त्यात लिनक्स मिंट, मेमटेस्ट आणि विंडोज १० आहे, रॅम तपासायला किंवा बंद पडलेल्या मशीनमधला डेटा काढायला तोच घेते. पण खूप जुन्या मशीनसाठी छोटाच पेनड्राइव्ह घ्या, काही जुने बायोस १३७ जीबीच्या पलीकडचं वाचू शकत नाहीत. विंडोज ७ साठी मात्र वेगळा रुफसवालाच ठेवते, दोन पेनड्राइव्हचा खर्च फार नाही.

डीटीपीवाल्यांना एक कळकळीचं सांगणं. फॉरमॅटच्या आधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सगळे कॉपी करतात, पण विंडोजच्या आतला फॉन्ट्स फोल्डर राहून जातो. जुन्या फॉन्टमध्ये मराठी मजकूर आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं म्हणूनच साठवलेला असतो, तो नेमका फॉन्ट नसेल तर पत्रिकेवर देवाच्या नावापासून स्थळापर्यंत सगळीकडे नुसती ब्रॅकेटं आणि इंग्रजी अक्षरं दिसतात. फाइल शाबूत असते पण वाचता येत नाही, आणि तोच फॉन्ट त्याच व्हर्जनचा परत मिळेलच असं नाही. आधी फॉन्ट, मग बाकी सगळं.

माझी अशी मशीन्स मी नेटला जोडून ठेवत नाही. अपडेट आणि ड्रायव्हर झाले की लॅनची वायर काढते, मेल आणि व्हॉट्सॲप दुसऱ्या कॉम्प्युटरवर, फाइल पेनड्राइव्हने आणायची आणि आधी तिकडे स्कॅन करायची. बँकेचं काम तर विंडोज ७ वर अजिबात नको.

आणि सगळं बसलं, डोंगल चाललं, प्रिंट नीट आली की लगेच कंट्रोल पॅनलमधल्या बॅकअपमधून सिस्टीम इमेज काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवा, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. पुढे कधी विंडोज बिघडली तर हाच पेनड्राइव्ह लावायचा, भाषेच्या पुढच्या स्क्रीनवर खाली डाव्या कोपऱ्यात "रिपेअर युवर कॉम्प्युटर" आहे, तिथून ती इमेज परत टाकता येते. फक्त पेनड्राइव्ह ३२ बिटचा असेल तर इमेजही ३२ बिटचीच लागते, म्हणून दोन्ही असतील तर वर मार्करने लिहून ठेवा.