सिम्युलेटरमध्ये लघुग्रह आणायचे आहेत? ऑर्बिटर आणि केएसपीमधले पर्याय

अवकाशयान चालवण्याच्या सिम्युलेटरमध्ये लघुग्रहापाशी पोचल्यावर तुम्हाला काय करायचं आहे? त्याच्याभोवती कक्षेत फिरायचं आहे, की त्याला पकडून दुसरीकडे न्यायचं आहे? अ‍ॅड-ऑन, म्हणजे सिम्युलेटरला जोडायच्या जादा फाइली, शोधताना बहुतेक जण आधी चित्रं बघतात, पण निवड ठरते ती या प्रश्नावर. बेन्नू हा एकच लघुग्रह सिम्युलेटरमध्ये दोन रूपांत घालता येतो: छोटा ग्रह म्हणून, किंवा इंजिन नसलेलं यान म्हणून. ग्रह केला तर त्याला गुरुत्वाकर्षण मिळतं, पण त्याला ढकलता येत नाही. यान केलं तर ढकलता येतं, पण गुरुत्वाकर्षण जातं. ऑर्बिटर असो वा कर्बल स्पेस प्रोग्रॅम, म्हणजे केएसपी, ही विभागणी दोन्हीकडे आहे.

आधी ऑर्बिटर. मार्टिन श्वायगर यांनी २००० साली आणलेला हा विंडोजवरचा मोफत सिम्युलेटर. २०२१ पासून त्याचा सोर्स कोडही खुला आहे. यात सूर्यमाला खऱ्या मापाची आहे आणि लघुग्रह घालायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. लघुग्रहाची एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात वस्तुमान, सरासरी त्रिज्या, स्वतःभोवती फिरण्याचा काळ आणि कक्षेचे सहा घटक लिहायचे, आणि सूर्यमालेच्या मुख्य फाइलमध्ये त्याच्या नावाची एक ओळ वाढवायची. तयार अ‍ॅड-ऑन हेच काम करून देतात, वर पृष्ठभागाची चित्रं देतात. मात्र दोन अ‍ॅड-ऑननी तीच मुख्य फाइल बदलली, तर नंतर टाकलेलं आधीचं पुसून टाकतं. म्हणून तिची एक प्रत आधीच बाजूला ठेवा आणि नव्या ओळी हाताने जोडा.

आकडे स्वतः भरणार असाल तर नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेचा लघुग्रहांचा डेटाबेस उघडा. तिथले आकडे जसेच्या तसे उतरवून चालत नाही. ऑर्बिटरला अर्धदीर्घ अक्ष मीटरमध्ये लागतो, म्हणून खगोलीय एककातल्या आकड्याला १,४९,५९,७८,७०,७०० ने गुणायचं. जेपीएल उपसूर्यबिंदूचा (कक्षेतल्या सूर्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूचा) कोन पातापासून, म्हणजे कक्षा पृथ्वीच्या कक्षेची पातळी ओलांडते तिथून, मोजून देतं. ऑर्बिटरला उपसूर्याचं रेखांश हवं असतं, म्हणजे पाताचं रेखांश अधिक तो कोन. त्यात मध्य विसंगती (उपसूर्यबिंदूपासून सरासरी गतीने मोजलेला कोन) मिळवली की मध्य रेखांश मिळतं. ही बेरीज राहून गेली तर कक्षेचा आकार बरोबर दिसतो, पण लघुग्रह भलत्याच जागी असतो, आणि चूक महिन्यांचा प्रवास संपेपर्यंत कळत नाही. तयार अ‍ॅड-ऑन घेतलं तरी एखाद्या तारखेची जागा जेपीएलशी ताडून पाहा.

एवढी मेहनत कशासाठी, तर गुरुत्वाकर्षणासाठी. सुमारे ५२५ किलोमीटर व्यासाच्या व्हेस्टा या लघुग्रहाभोवती नासाचं डॉन यान २११ किलोमीटरच्या आसपास उंचीवर होतं. तिथे एका फेरीला सव्वाचार तास लागतात. बेन्नूचा व्यास जेमतेम ४९० मीटर आणि वस्तुमान सुमारे ७.३ कोटी टन. त्याच्या केंद्रापासून एक किलोमीटरवर कक्षेचा वेग सेकंदाला सात सेंटिमीटर भरतो आणि एक फेरी २५ तासांची होते. मुख्य इंजिनाला हात लावायचाच नाही, सगळं काम आरसीएसच्या, म्हणजे यान हलकेच सरकवणाऱ्या छोट्या इंजिनांच्या, हलक्या फटक्यांवर. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने २० ऑक्टोबर २०२० रोजी तिथली माती उचलली तेव्हा ते किती नाजूक काम होतं, हे अंगाला कळतं ते इथेच. लघुग्रह यान म्हणून घातला असता तर यातलं काहीच अनुभवाला आलं नसतं.

आकाराच्या बाबतीत मात्र ऑर्बिटर कमी पडतो. इरॉससारखा ३४ किलोमीटर लांबीचा वाकडा लघुग्रह मेशने (त्रिमितीय आकृतीने) छान दाखवता येतो, पण उतरताना सिम्युलेटर गोलच धरून चालतो. त्यामुळे यान कुठे खडकात रुततं, तर कुठे अधांतरी टेकतं.

अ‍ॅपोफिस या लघुग्रहाची गोष्ट वेगळी आहे. १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाणार आहे, भूस्थिर उपग्रहांच्याही आतून. त्या भेटीत पृथ्वी त्याची कक्षा इतकी वळवेल की आता पृथ्वीपेक्षा लहान असलेलं त्याचं वर्ष नंतर मोठं होईल. ग्रह म्हणून घातलेला लघुग्रह सहसा ठरलेल्या लंबवर्तुळावर धावत राहतो. पृथ्वी जवळून गेली तरी त्याला फरक पडत नाही. त्या रात्रीचा प्रसंग पाहायचा असेल तर अ‍ॅपोफिसला यान करून सिनॅरिओ फाइलमध्ये (सुरुवातीची तारीख आणि यानांच्या जागा लिहिलेल्या फाइलमध्ये), भेटीच्या थोड्याच दिवस आधीच्या आकड्यांसह ठेवा. मग ऑर्बिटर इतर यानांसारखाच त्याच्यावरचा पृथ्वीचा ओढाही मोजतो आणि वळण डोळ्यांसमोर घडतं.

केएसपी विकत घ्यावा लागतो आणि त्याची सूर्यमाला कल्पित, बरीच लहान मापाची आहे. पण पकडापकडीत त्याला तोड नाही. एप्रिल २०१४ मध्ये नासाच्या सहकार्याने आलेल्या अपडेटपासून लघुग्रह मूळ खेळातच आहेत: पंजाने धरायचे, इंजिन लावून ओढायचे, पुढच्या आवृत्त्यांत तर खोदून त्यातून इंधनही काढायचं. अडचण अशी की ते मुख्यतः कर्बिनच्याच, म्हणजे खेळातल्या पृथ्वीच्याच, आसपास उगवतात. कस्टम अ‍ॅस्टेरॉइड्स हा मॉड (खेळाडूंनी बनवलेली जोड) ती जागा मोकळी करतो; फाइलमध्ये कक्षांचे पट्टे लिहून दिले की लघुग्रह त्या पट्ट्यांत येऊ लागतात. ट्रॅकिंगला न लावलेले दगड काही दिवसांनी नाहीसे होतात, हे ध्यानात असू द्या.

हे सगळे लघुग्रह यानाच्याच जातीचे, म्हणून त्यांच्याभोवती फिरता येत नाही. केएसपीत गुरुत्वाकर्षण असलेला लघुग्रह हवा तर कॉपर्निकस मॉड लागतो. त्याचा भूभाग खडबडीत आणि खरोखर उतरण्याजोगा असतो, या एका मुद्द्यावर तो ऑर्बिटरला मागे टाकतो. पण कॉपर्निकसची आवृत्ती खेळाच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. १.१२.५ वर सगळं बसवा आणि मॉड सीकॅन या मॉड बसवून देणाऱ्या प्रोग्रॅममधूनच घ्या.

खऱ्या मोहिमा पुन्हा उडवायच्या असतील, डॉन किंवा ओसायरिस-रेक्स, तर मी बिनदिक्कत ऑर्बिटर सुचवेन, आणि सुरुवात व्हेस्टापासून, बेन्नू नंतर. शाळकरी मुलांना सोबत घेऊन बसणार असाल तर केएसपी आणि कस्टम अ‍ॅस्टेरॉइड्स, कारण दगड हाती लागल्याचा आनंद पहिल्याच आठवड्यात मिळतो. कॉपर्निकस त्यांच्यासाठी, ज्यांना केएसपी आधीच येतो आणि मॉडची भांडणं सोडवायला वेळ आहे. आणि खिशातून काही न घालता फक्त एकच प्रयोग करायचा असेल, तर तो अ‍ॅपोफिसचा करा: एकदा ग्रह म्हणून, एकदा यान म्हणून, आणि १४ एप्रिल २०२९ च्या दोन्ही कक्षा शेजारी ठेवून बघा.