लेन्स डिझाइन शिकायला कोणतं पुस्तक घ्यावं: किंग्जलेक, स्मिथ, किजर आणि बाकीचे

लेन्स डिझाइनसाठी पुस्तक सुचवा म्हटलं की सहा-सात नावं हमखास पुढे येतात. त्यातलं एकही टाकाऊ नाही. अडचण अशी की ती वेगवेगळ्या कामांसाठी लिहिली आहेत. कॅटलॉगमधल्या तयार लेन्स घेऊन सेन्सर, प्रकाशस्रोत आणि प्रिझम यांची जुळणी करणाऱ्याची गरज एक, आणि काचेच्या प्रत्येक पृष्ठभागाची वक्रता स्वतः ठरवणाऱ्याची गरज दुसरी. दोघांना एकच पुस्तक दिलं तर एकजण कंटाळतो आणि दुसऱ्याला वाटतं आपण काहीच शिकलो नाही.

शिवाय किरणांचा हिशेब आता संगणक करतो. लॉगॅरिथमची कोष्टकं घेऊन एक किरण शोधायला लागणारा वेळ इतिहासजमा झाला. मग पुस्तक कशासाठी? माझ्या मते दोन गोष्टींसाठी: सुरुवात कोणत्या आकारापासून करायची ते कळावं म्हणून, आणि सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं तरी काय सुधारणार नाही ते आधीच ओळखता यावं म्हणून. खालची सगळी पुस्तकं मी याच फूटपट्टीने मोजतो आहे.

एकच डब्लेट, सगळ्यांसाठी

तुलना हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. १०० मिमी फोकल लेंग्थचा ॲक्रोमॅट, म्हणजे दोन रंग एकाच जागी आणणारा दोन काचांचा डब्लेट. क्राउन काच बीके७ (अपवर्तनांक १.५१६८, ॲबे अंक ६४.१७) आणि फ्लिंट काच एफ२ (अपवर्तनांक १.६२००, ॲबे अंक ३६.३७). ॲबे अंक म्हणजे काच रंग किती कमी पसरवते त्याचं माप; दोन्हींतला फरक २७.८०. लाल आणि निळा रंग एकाच जागी आणायचे असतील तर क्राउनची फोकल लेंग्थ ४३.३ मिमी आणि फ्लिंटची उणे ७६.४ मिमी यावी लागते. म्हणजे शंभरची एक सौम्य लेन्स बनवायला आत दोन बऱ्याच तीव्र लेन्स एकमेकींशी झगडत बसवाव्या लागतात. ॲबे अंकांतला फरक कमी असेल तर हा झगडा आणखी वाढतो.

चिकटवलेल्या डब्लेटला तीन रेडियस (पृष्ठभागांच्या वक्रतेच्या त्रिज्या) असतात. त्यांतून एकूण फोकल लेंग्थ साधायची, रंग जुळवायचे आणि उरलेल्या एका मोकळीकीने, म्हणजे दोन्ही काचा मिळून एका बाजूला वाकवून, गोलीय विपथन (कडेचे आणि मधले किरण वेगवेगळ्या जागी मिळणं) मारायचं. कोमा, म्हणजे अक्षाबाहेरच्या बिंदूला धूमकेतूसारखं शेपूट येणं, घालवायला मोकळीकच उरत नाही. ती काचेच्या जोडीच्या निवडीतून किंवा मध्ये हवेची फट ठेवून मिळवावी लागते. आणि एवढं करूनही हिरवा रंग लाल-निळ्याच्या जागी येत नाही. नेहमीच्या काचांत हा उरलेला फरक फोकल लेंग्थच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका असतो, इथे साधारण ०.०५ मिमी. एफ/१० ला (फोकल लेंग्थ व्यासाच्या दहापट) फोकसची सूट उणे-अधिक ०.११ मिमी असल्यामुळे तो पचून जातो. एफ/४ ला हीच सूट ०.०१८ मिमीच्या आसपास येते आणि तोच फरक चित्र बिघडवतो. रेडियस कितीही हलवा, तो जागचा हलत नाही. काच बदलावी लागते.

पुस्तक वाचून झाल्यावर वरचे दोन परिच्छेद तुम्हाला स्वतःच्या बळावर लिहिता आले पाहिजेत.

किंग्जलेक: हाताने करून शिकवणारा

रुडॉल्फ किंग्जलेक हे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ए. ई. कॉनराडी यांचे विद्यार्थी, पुढे त्यांचेच जावई. १९२९ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात इन्स्टिट्यूट ऑफ ऑप्टिक्स सुरू झाली तेव्हा ते तिथे शिकवायला गेले, नंतर कोडॅकमध्ये लेन्स डिझाइनचं काम पाहिलं आणि शिकवणं चालूच ठेवलं. ‘लेन्स डिझाइन फंडामेंटल्स’ १९७८ मध्ये आलं. आर. बॅरी जॉन्सन यांनी वाढवलेली दुसरी आवृत्ती २०१० ची.

आपला डब्लेट हे पुस्तक ज्या तपशिलाने हाताळतं तसं दुसरं कुठलंच हाताळत नाही. आधी पातळ लेन्स धरून शक्तीची वाटणी, मग जाडी, मग प्रत्यक्ष किरण. शेवटचा रेडियस कॉनराडींच्या रीतीने काढायचा: किरणाने काचेत कापलेल्या अंतरातून अक्षावरची जाडी वजा करायची, त्याला त्या काचेच्या अपस्करणाने (रंगागणिक अपवर्तनांकात पडणाऱ्या फरकाने) गुणायचं, आणि सगळ्या काचांची बेरीज शून्य आली की रंग जुळले. ही रीत एकदा कागदावर केली की सॉफ्टवेअरच्या रंगांच्या आलेखाकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहता. कोणती काच किती भार उचलते आहे ते दिसायला लागतं.

त्रासही आहे. लेखनशैली कोरडी आहे, आणि ऑप्टिमायझेशनच्या पुढच्या पायऱ्या, टॉलरन्स (बनवताना किती चूक चालेल), उत्पादन यांची अपेक्षा या पुस्तकाकडून ठेवू नये. उदाहरणं सोडवल्याशिवाय नुसतं वाचणार असाल तर घेऊ नका. महिनाभराने काहीच हाती लागलेलं नसेल. सोडवणार असाल तर याच्या तोडीचं दुसरं नाही.

स्मिथ: सगळी यंत्रणा, एका जिल्दीत

वॉरन जे. स्मिथ यांचं ‘मॉडर्न ऑप्टिकल इंजिनिअरिंग’ १९६६ पासून चालू आहे. चौथी आवृत्ती २००८ ची. डोळा, प्रिझम, काचा आणि कोटिंग, प्रकाशमापन, एमटीएफ (बारीक तपशील किती स्पष्ट उमटतो त्याचं माप), ड्रॉइंगवर काय लिहायचं इथपर्यंत सगळं यात आहे. लेन्स डिझाइन हा त्यातला फक्त एक भाग. डब्लेट आणि तीन काचांचा कुक ट्रिप्लेट दोन्ही भेटतात, पण मुक्काम थोडा.

यंत्रणा जुळवणाऱ्यासाठी हेच पहिलं पुस्तक, यात मला शंका नाही. ऑप्टिक्सच्या बाहेरून, म्हणजे मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा इमेज प्रोसेसिंगमधून येणाऱ्यांनाही हेच सोयीचं. लेन्सच घडवायची असेल तर मात्र हे तुम्हाला उंबरठ्यापर्यंत आणून सोडतं.

उंबरठ्याच्या आतलं काम स्मिथ यांनी दुसऱ्या पुस्तकात केलं आहे: ‘मॉडर्न लेन्स डिझाइन’, पहिली आवृत्ती १९९२, दुसरी २००५. यात डिझाइनचे नमुने आणि त्यांच्या ॲबरेशनचे, म्हणजे विपथनांचे, आलेख भरपूर आहेत, पण माझ्या लेखी खरी किंमत अडलेलं डिझाइन पुढे कसं ढकलायचं या प्रकरणाची. एक लेन्स फोडून दोन करा, चिकटवलेली जोडी सुटी करा, एकट्या काचेची जोडी करा, दुबळी काच काढूनच टाका. ऑप्टिमायझर रेडियस आणि जाड्या हलवतो. लेन्स फोडायची की काढायची हा निर्णय बहुतेक वेळा माणसाचाच असतो. आपला डब्लेट एफ/४ वर रुसला तर उत्तर इथे शोधायचं.

किजर: मधला पूल

मायकेल किजर हे कमी गाजलेलं नाव, आणि मला वाटतं ते उगाच मागे पडलं आहे. इंपीरियल कॉलेजचे, लेन्स डिझाइनचं स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिलेले, जगभर या विषयाचे वर्ग घेणारे. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं. ‘फंडामेंटल ऑप्टिकल डिझाइन’ २००१ मध्ये आणि ‘इंटरमीडिएट ऑप्टिकल डिझाइन’ २००४ मध्ये, दोन्ही एसपीआयई या ऑप्टिक्सच्या संस्थेकडून, त्यांच्या पश्चात आली.

किजर जवळपास प्रत्येक डिझाइनची सायडेल बेरीज, म्हणजे मुख्य विपथनांचा हिशेब, पृष्ठभागवार मांडतात. आपल्या डब्लेटमध्ये मधला, चिकटवलेला पृष्ठभाग बाहेरच्या दोघांच्या उलट दिशेने गोलीय विपथन तयार करतो आणि तेच बाकीच्यांचं देणं फेडतं. हे कोष्टकात एका नजरेत दिसतं. किंग्जलेक तुम्हाला लेन्स बांधायला शिकवतात, किजर बांधलेली लेन्स तपासायला शिकवतात. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच कोष्टकं मिळतात, त्यामुळे वाचलेलं त्याच दिवशी करून पाहता येतं. पहिल्याच पुस्तकात पेट्झव्हल, टेलिफोटो, ट्रिप्लेट, आयपीस, उष्णताकिरणांच्या लेन्स असा प्रवासही होतो.

लेन्सच घडवायची आहे, सॉफ्टवेअर हाताशी आहे आणि एकच पुस्तक घ्यायचं आहे, अशी अट असेल तर मी किजरचं पहिलं पुस्तक सांगेन, किंग्जलेकचं नाही. सॉफ्टवेअर हाताशी नसेल तर उलट.

ॲबरेशनचा पाया पक्का करायचा असेल

इथे निवड वेल्फर्ड आणि सासियान यांच्यात. डब्ल्यू. टी. वेल्फर्ड यांचं ‘ॲबरेशन्स ऑफ ऑप्टिकल सिस्टिम्स’ (१९८६) आटोपशीर आणि काटेकोर आहे. सूत्र कुठून आलं ते कळल्याशिवाय झोप येत नाही अशांसाठी. होजे सासियान ॲरिझोना विद्यापीठात शिकवतात. त्यांचं ॲबरेशनवरचं पुस्तक २०१२ चं आणि ‘इंट्रोडक्शन टू लेन्स डिझाइन’ २०१९ चं. वर्गात शिकवता शिकवता तयार झालेली पुस्तकं सहसा वाचायला सोपी असतात, ही तशीच आहेत. नव्याने सुरू करणाऱ्याने सासियान घ्यावं. वेल्फर्ड नंतर कधीही घेता येतं, आणि कधीच घेतलं नाही तरी डिझाइन अडत नाही.

जी पुस्तकं लोक चुकीच्या वेळी घेतात

मिल्टन लेकिन यांचं ‘लेन्स डिझाइन’ म्हणजे रेसिपींची वही: प्रत्येक प्रकरणात एका प्रकारच्या लेन्सचे रेडियस, जाड्या, काचा. स्पष्टीकरण जेमतेम. अनुभवी माणसाला सुरुवातीचा आकार शोधायला हे सोन्यासारखं, नवख्याला नुसते आकडे. ॲबरेशनचे आलेख वाचता यायला लागले की मगच घ्या.

कॉनराडींचं ‘अप्लाइड ऑप्टिक्स अँड ऑप्टिकल डिझाइन’ (पहिला भाग १९२९, दुसरा १९६० मध्ये, लेखकाच्या निधनानंतर) वाचायला सुंदर आहे. पण खुणा, चिन्हांचे नियम आणि सगळी आकडेमोड त्या काळाची. किंग्जलेक पचल्यावर हे घेतलं तर आनंद आहे, आधी घेतलं तर छळ. हर्बर्ट ग्रॉस यांच्या संपादनाखालची अनेक खंडांची ‘हँडबुक ऑफ ऑप्टिकल सिस्टिम्स’ ग्रंथालयात पाहावी. घरी आणून शिकायची ती गोष्ट नाही.

जोसेफ गिअरी यांचं ‘इंट्रोडक्शन टू लेन्स डिझाइन’ (२००२) झीमॅक्स या सॉफ्टवेअरमधल्या उदाहरणांसह छोट्या धड्यांत चालतं. मेनू आता बदलले आहेत, पण धड्यांचा क्रम चांगला आहे. एकट्याने शिकणाऱ्याला किजरच्या आधी हे सौम्य पडतं.

डिझाइन झाल्यावर ते बनवायचंही असतं

स्क्रीनवर परिपूर्ण दिसणारी लेन्स कार्यशाळेत कशी कोसळते हे बहुतेक डिझाइनच्या पुस्तकांत शेवटच्या प्रकरणात उरकलेलं असतं. फिशर, तादिच-गालेब आणि योडर यांचं ‘ऑप्टिकल सिस्टिम डिझाइन’ (दुसरी आवृत्ती २००८) याला अपवाद. टॉलरन्स, चाचण्या, खर्च, आणि ऑप्टिक्समधल्या घोडचुकांवर एक अख्खं प्रकरण, जे आधी वाचलं तरी चालेल. रॉबर्ट शॅनन यांचं ‘द आर्ट अँड सायन्स ऑफ ऑप्टिकल डिझाइन’ (१९९७) याच प्रश्नांकडे अधिक गणिती अंगाने पाहतं: प्रतिमेची गुणवत्ता नेमकी कशी मोजायची, मेरिट फंक्शनमध्ये (डिझाइन किती चांगलं ते सॉफ्टवेअरला सांगणाऱ्या आकड्यात) काय भरायचं. नोकरीत डिझाइन करणाऱ्याने फिशर जवळ ठेवावं. शॅनन ज्याला पटतं त्याला फार पटतं.

पैसे खर्च न करता अंदाज घ्यायचा असेल तर अमेरिकी संरक्षण खात्याची १९६२ ची ‘ऑप्टिकल डिझाइन’ ही पुस्तिका, एमआयएल-एचडीबीके-१४१, मोफत मिळते. छपाई कंटाळवाणी, मजकूर भक्कम. तिच्यातली सुरुवातीची प्रकरणं जड गेली तर बाकीच्या पुस्तकांआधी भूमितीय ऑप्टिक्सची उजळणी करावी.

जुनी प्रत घेताना

वापरलेल्या जुन्या आवृत्त्या घ्यायला हरकत नाही. डब्लेटचं गणित बदललेलं नाही. तीन गोष्टी मात्र तपासा. जुन्या पुस्तकांत अपवर्तनांक सोडियमच्या ५८९.३ नॅनोमीटरच्या रेषेवर दिलेला असतो, नव्या कॅटलॉगमध्ये हेलियमच्या ५८७.६ वर. कोनांच्या चिन्हांचे नियम पुस्तकागणिक वेगळे, म्हणून एकाचं सूत्र दुसऱ्याच्या उदाहरणात टाकण्याआधी पहिलं पान उघडा. आणि काचा: शिसं व आर्सेनिक काढून टाकल्यावर शॉट या काच बनवणाऱ्या कंपनीच्या बऱ्याच काचांच्या नावाआधी ‘एन’ लागला आणि काही काचा बंदच झाल्या. एन-बीके७ जवळजवळ जुन्या बीके७ सारखीच आहे. पण एसएफ६ च्या जागी एन-एसएफ६ टाकली की ॲबे अंक २५.४३ वरून २५.३६ होतो, अपवर्तनांक तोच दिसत असला तरी पुस्तकातले रेडियस तसेच ठेवून चालत नाही, ते पुन्हा ऑप्टिमाइझ करावे लागतात.